पाटाचे पाणी आणि शिरेतले रक्त



आषाढ सरत आला की आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवणीची एकच घाई उडते. साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्याने अशा दिवसांत कधी गेलात, तर दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बायांच्या रांगा वाकलेल्या दिसतील. पाय पोटरीपर्यंत चिखलात, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजवा हात सारखा खाली-वर. सकाळी नऊला उतरलेल्या बाया दुपारच्या भाकरीपुरत्या बाहेर येतात आणि पुन्हा दिवस मावळेपर्यंत तशाच. संध्याकाळी धुऱ्यावर बसून त्या पाय धुऊ लागल्या म्हणजे काहींच्या पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा सुतळीसारख्या पिळवटून वर आलेल्या दिसतात. कुणी त्याकडे विशेष पाहत नाही. वय झाले, पाय थकले, एवढेच.

माझी माय अशा बायांतलीच एक. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिला एकदा मोठ्या ऐटीत सांगितले होते, की हृदयातून निघालेले रक्त पायाच्या बोटांपर्यंत जाते आणि शिरांतून परत वर येते. ती चुलीपुढे बसली होती. मागे वळूनही न पाहता म्हणाली, “पानी कधी वर चढते का, बाबू? पाटाचं पानी कधी तलावात परत गेलं?”

मी हसलो. अडाणी प्रश्न वाटला मला तो. पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, आणि मग कळले की जगातल्या भल्याभल्या पंडितांना दीड-दोन हजार वर्षे हा प्रश्न पडलाच नव्हता. आणि ज्या दिवशी तो एकाला पडला, त्या दिवसापासून आजचे वैद्यक सुरू झाले असे म्हणायलाही हरकत नाही. आज त्या प्रश्नाची गोष्ट सांगायची आहे. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधाची अपेक्षा माझ्याकडून करू नका.

मायचा प्रश्न तलावाचा होता, यात नवल नाही. आमचा मुलूखच तलावांचा. गोंड राजांच्या अमलात तलाव बांधील त्याला जमीन मिळे, आणि कोहळी समाजाने हे काम असे काही हातात घेतले की गावोगाव पाळी उभ्या राहिल्या. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. १९९९ साली जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा तो गोंदियाकडे गेला. आमच्याकडे साकोलीजवळचा शिवनीबांध राहिला, आणि लहानमोठे तलाव आणि बोड्या तर मोजून संपायच्या नाहीत. मालगुजारी १९५१ साली गेली, पण तलावांचे नाव काही बदलले नाही. अजूनही ते ‘माजी मालगुजारी तलाव’च, लोकांनी त्याचे आपले ‘मामा तलाव’ करून टाकले आहे. या तलावांची रीत अगदी सरळ आहे. वर पाळ, पाळीत दार, दारातून पाट, पाटातून पहिली बांधी, तिचा धुरा फोडला की खालची बांधी. पाणी उतारानेच जायचे. धानाने प्यायले ते प्यायले, उरले ते नाल्याला, तिथून चुलबंदला, चुलबंदमधून वैनगंगेला. मागे वळून येणे पाण्याला ठाऊक नाही.

आता गंमत पाहा. सुश्रुताच्या संहितेत शारीरस्थान म्हणून एक भाग आहे. त्याच्या सातव्या अध्यायात शिरांचे वर्णन येते. शरीरात सातशे शिरा, सर्वांचे मूळ नाभीत; आणि बागेला जसे पाट किंवा शेताला जशा चाऱ्या, तशा या शिरा शरीराला भिजवून पोसतात, असा तिथला आशय आहे. शेताला तिथे शब्द वापरलाय ‘केदार’. केदार म्हणजे बांध घालून पाणी धरलेले शेत. म्हणजे आमची बांधीच की! माझी माय आणि सुश्रुत यांचे या बाबतीत एकमत होते हे वाचून मला मोठी मौज वाटली.

बरे, हे आपल्याकडेच होते असेही नाही. ग्रीसमध्ये प्लेटोने ‘टिमेअस’ या संवादात आणि त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात हीच उपमा दिली आहे: बाग आणि तिच्यातले पाट. पुढे दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाचा वैद्य झाला. त्याने त्याचे शास्त्र करून टाकले. अन्नाचे रक्त यकृतात बनते, यकृतातून ते शिरांवाटे अंगभर पसरते, आणि ज्या त्या अवयवात जिरून जाते. रोज नवे रक्त, रोज नवा खर्च. नाभीच्या जागी यकृत आले, एवढाच काय तो फरक. गेलेनचे हे म्हणणे युरोपात आणि अरब देशांत जवळजवळ चौदाशे वर्षे चालले.

उपमा मोठी सोयीची वस्तू असते. आम्ही मास्तर लोक तर तिच्यावरच जगतो. पण ती जेवढे दाखवते तेवढेच झाकतेही. शरीर म्हणजे पाटाखालचे शेत असे एकदा म्हटले की ‘पाणी परत कसे येते’ हा प्रश्न उरतच नाही. शेतातून पाणी परत येतच नसते!

जाता जाता शब्दांविषयी थोडे. हृदयापासून रक्त नेणाऱ्या वाहिनीला आज आपण शाळेच्या पुस्तकांत धमनी म्हणतो आणि परत आणणारीला शीर. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात मात्र रोहिणी आणि नीला असे शब्द आढळतात, आणि विश्वकोशानेही तेच ठेवले. हे दोन्ही शब्द सुश्रुताच्या त्याच अध्यायातले. तिथे रंगांवरून शिरांचे चार वर्ग केले आहेत. पित्ताच्या त्या निळ्या, रक्ताच्या त्या तांबड्या, म्हणजे रोहिणी. मराठीत नवे शास्त्र लिहिणाऱ्यांनी जुनी नावे उचलली आणि त्यांत नवा अर्थ भरला. नीला हे नाव मला तर फार आवडते. पण एक सांगून ठेवतो, शिरेतले रक्त काही निळे नसते. ते गडद तांबडे असते. निळेपणा कातडीतून जाऊन परतणाऱ्या उजेडाचा. बोलण्यात आपण सगळ्यांनाच शीर किंवा नस म्हणून मोकळे होतो. मीही इथे परतीच्या वाहिनीला शीरच म्हणणार आहे.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. रक्त काढणे हा जुन्या वैद्यांचा नेहमीचा उपाय. सुश्रुताने त्यासाठी शारीरस्थानाचा आठवा अध्याय सगळा खर्ची घातला आहे: कोणाची शीर टोचावी, कोणाची टोचू नये, कोणत्या ऋतूत, किती. त्यात हातापायाची शीर टोचायची तर टोचायच्या जागेच्या चार अंगुळे वर कापडाची पट्टी बांधायला सांगितली आहे, म्हणजे शीर फुगून वर येते. युरोपातले न्हावीही दंडाला पट्टी बांधूनच शीर उघडत. आज रक्त तपासायला गेलात तर मुलगी दंडाला रबराची पट्टी बांधते, ती तीच.

आता विचार करा. पट्टी दंडाला. शीर फुगते कुठे? पट्टीच्या खाली, मनगटाच्या बाजूला. नाभीतून किंवा यकृतातून पाट हाताकडे वाहत असेल, तर पट्टी म्हणजे पाटात टाकलेली माती. पाणी तुंबायला हवे वरच्या अंगाला, खांद्याकडे. तुंबते तर खाली! याचा अर्थ उघड आहे, की शिरेतले रक्त हाताकडून छातीकडे चालले आहे. पाटावर काम करणारा कुणीही गडी हे क्षणात सांगेल. आणि हजारो वैद्यांनी, लाखो रोग्यांवर, दोन हजार वर्षे ही पट्टी बांधली, शीर खाली फुगलेली डोळ्यांनी पाहिली, आणि कुणी पुसले नाही की बाबा, उलटीकडे का? इतिहासाच्या वर्गात मी पुरावा म्हणजे काय हे शिकवतो, तेव्हा ताम्रपट आणि शिलालेख यांच्याआधी ही पट्टी सांगतो.

इटलीतल्या पादुआ गावच्या विद्यापीठात सोळाव्या शतकात प्रेत फाडून शिकवण्याची मोठी परंपरा होती. १५९५ साली तिथे त्यासाठी लाकडाची गोल, उतरत्या सज्ज्यांची खोली पुरी झाली. ती आजही उभी आहे. तिथल्या फाब्रिसिउस नावाच्या प्राध्यापकाला शिरांच्या आत बारीक पडदे दिसले. त्याच्या आधी फेराराच्या कानानो याने काही शिरांत असे पडदे पाहिले होते, पण त्यांची नीट पाहणी करून, चित्रे काढून पुस्तक लिहिले ते फाब्रिसिउसने. पडदे त्याने १५७४ साली पाहिले, पुस्तक काढले १६०३ साली. एकोणतीस वर्षे! आमच्याकडे प्रबंध रेंगाळतात म्हणून ओरड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे पडदे म्हणजे जोडीजोडीने बसवलेल्या झोळ्या. झोळीचे तोंड हृदयाकडे. खालून रक्त आले की झोळ्या भिंतीला चिकटतात आणि वाट मोकळी होते. वरून रक्त खाली घसरू लागले की झोळ्या भरतात, फुगतात, एकमेकींना भिडतात आणि वाट बंद. फाब्रिसिउसने हे सगळे चित्रासारखे पाहिले, आणि अर्थ काय काढला? की रक्त पायाकडे फार वेगाने धावून तिथे साचू नये, म्हणून निसर्गाने वाटेत बंधारे घातले आहेत, जसे गिरणीवाले ओढ्याला घालतात. पुन्हा पाणी, पुन्हा उतार! दार डोळ्यांपुढे होते, त्याने बंधारा पाहिला. फाब्रिसिउसला हसण्याचा अधिकार मला नाही. आपणही पुस्तकात जे वाचलेले असते तेच जगात पाहत असतो.

त्याच्या वर्गात इंग्लंडहून आलेला एक विद्यार्थी होता, विल्यम हार्वे. जन्म १५७८. पादुआची पदवी त्याने १६०२ साली घेतली. पुढे उतारवयात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने त्याला विचारले, की रक्त फिरते हे तुम्हाला सुचले कशावरून? त्याचे उत्तर बॉइलने लिहून ठेवले आहे. हार्वेच्या सांगण्याचा मतलब असा, की शिरांतली दारे अशी बसवलेली आहेत की रक्ताला एकीकडेच वाट मिळावी. एवढी योजना उगाच केलेली नसणार.

हार्वेने दोन गोष्टी केल्या. एक, ती जुनी पट्टी पुन्हा हातात घेतली. दंडाला ती फार घट्ट आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात थंड होतो. म्हणजे रक्त खाली जाणेच थांबले. थोडी सैल केली की नाडी परत लागते आणि खालच्या शिरा टरारून फुगतात. म्हणजे खोलवरच्या धमनीतून रक्त हातात उतरले, पण वरवरच्या शिरेतून परत जाण्याची वाट पट्टीने अडवली. उतरते धमनीतून, चढते शिरेतून.

हा प्रयोग तुम्ही रेडिओजवळ बसल्या बसल्या करू शकता. डावा हात खाली सोडा. दंडाला रुमाल बांधा. फार आवळू नका, नाडी लागली पाहिजे. मूठ चार-पाच वेळा उघडा-मिटा. हातावरच्या शिरा वर येतील आणि त्यांत मधूनमधून बारीक गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजेच दारे. आता एका गाठीच्या खाली, पंजाच्या बाजूला, शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथपासून कोपराकडे, गाठीच्या पलीकडे, रक्त सारून द्या आणि ते वरचे बोट उचला. गाठीपासून दाबलेल्या बोटापर्यंतची शीर रिकामीच राहील. वर रक्त गच्च भरलेले आहे, तरी गाठ ओलांडून ते खाली येत नाही. आता खालचे बोट उचला. शीर क्षणात खालून भरते. झाले! रुमाल मात्र लगेच सोडा. हे करून दाखवल्यावर माझ्या वर्गातला कधी न बोलणारा एक मुलगा मोठ्याने “अरे बापरे” म्हणाला होता.

दुसरी गोष्ट हार्वेने केली ती हिशेबाची, आणि माझ्या मते तीच मोठी. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते? त्याने मुद्दाम अगदी कमीत कमी आकडा धरला. अर्ध्या तासात ठोके हजाराच्या वर. गुणाकार केला तर अर्ध्या तासात हृदयातून गेलेले रक्त सगळ्या शरीरातल्या रक्ताहून जास्त निघाले. एवढे रक्त अन्नातून रोज बनणार कसे आणि जिरणार कुठे? आजच्या मापाने बोलायचे तर स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, आणि शरीरात एकंदर रक्त असते तेही सुमारे पाचच लिटर. दिवसाचा हिशेब सात हजार लिटरांवर जातो. दोनशे लिटरचे पस्तीस ड्रम! पाटाच्या पाण्याची उपमा या पस्तीस ड्रमांत बुडाली. तेच रक्त पुन्हापुन्हा फिरत असले पाहिजे, याखेरीज गत्यंतर नव्हते.

हार्वेचे पुस्तक १६२८ साली फ्रँकफुर्टला छापले गेले. लॅटिनमध्ये, बहात्तर पानांचे. आपल्या इकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, पुढे दोन वर्षांनी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुस्तक आले आणि हार्वेकडे येणारे रोगी कमी झाले. लोक म्हणू लागले, वैद्याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याच्या म्हणण्यात एक कच्चा दुवा होताच. धमनीतले रक्त शिरेत शिरते कुठून? हार्वेला ते दिसले नाही. तो १६५७ साली वारला, आणि चार वर्षांनी, १६६१ साली, माल्पिघी या इटालियनाने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे पाहिले. दुवा जुळला. हृदयातून फुप्फुसात आणि परत, ही छोटी फेरी मात्र तेराव्या शतकातच कैरोच्या इब्न अल-नफीस याने लिहून ठेवली होती. युरोपला तेव्हा तिचा पत्ता नव्हता.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. हार्वेनेही उपमा सोडली नाही, फक्त बदलली. पाटाच्या जागी त्याने पाऊस घेतला. ओली जमीन उन्हाने तापते, वाफ वर जाते, तिचा पाऊस होऊन जमिनीवर परत येतो, तसे हे रक्ताचे फिरणे, असे तो म्हणतो. मायला हे सांगितले तेव्हा तिने मान डोलावली. “पाऊस व्हय. पाऊस वर जाते,” म्हणाली.

पण चढवतो कोण? उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत चार फुटांचा चढ. हृदयाचा धक्का बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जाताजाता बहुतेक संपलेला असतो. इथे पोटरी कामाला येते. पायातल्या मुख्य शिरा पोटरीच्या स्नायूंच्या आत, खोल आहेत. पाऊल टाकले की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, आणि दारे एकाच बाजूला उघडत असल्याने रक्त वरच जाते. स्नायू सैल झाला की खालचे रक्त आत ओढले जाते. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यामुळे. जोडीला श्वास आहेच. श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि पोटातले रक्त वर खेचले जाते. निश्चल उभे राहिलो तर घोट्याजवळच्या शिरेत दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. चालू लागलो की थोड्याच पावलांत तो ३०च्या आसपास उतरतो. कवायतीला सावधान उभा असलेला पोरगा धाडकन पडतो त्याचे कारण हेच. त्याचे दुसरे हृदय बंद असते.

आणि शिरा म्हणजे नुसत्या परतीच्या नळ्या, असेही नाही. शरीरातल्या रक्ताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कोणत्याही वेळी शिरांतच असतो. त्यांच्या भिंती पातळ, ताणल्या जाणाऱ्या. म्हणजे पाहा, पाटाची उपमा चुकली, पण तलावाची उपमा चुकलेली नाही. ती फक्त भलत्या जागी लावली होती. शिरा हाच शरीराचा तलाव. आपण खाटेवरून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर रक्त एकदम पायांकडे उतरते. मेंदूला ते तात्काळ समजते, मज्जातंतूंतून हुकूम सुटतो, शिरांच्या भिंती आवळतात आणि साठ्यातले रक्त हृदयाकडे सरकते. म्हाताऱ्या माणसाला उठताना भोवळ येते ती हा हुकूम उशिरा पोचतो म्हणून. अंगातून रक्त वाहून गेले तरी आधी शिराच आवळतात आणि साठा पुढे करतात. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने १९१४च्या सुमारास दाखवून दिले, की शिरांनी जास्त रक्त आणून दिले तर हृदय जास्त ताणले जाते आणि तितक्याच जोराने ते सगळे पुढे ढकलते. हृदयाला आपण राजा म्हणतो; पण राजाचा खर्च या तलावाच्या आवकेवर चालतो.

तर ही दारे बिघडली म्हणजे काय होते, ते मी घरातच पाहिले. वर्षानुवर्षे वाकून, एका जागी पाय रोवून उभे राहायचे. पुन्हा बाळंतपणे, वय, घराण्याची देण. शिरा ताणून रुंद होतात, झोळ्यांच्या कडा एकमेकींना पोचत नाहीत, दारे गळू लागतात. वरचे रक्त खाली घसरते. वरवरच्या शिरा नागमोडी फुगतात. विश्वकोशात त्यांना ‘अपस्फीत नीला’ असे भारदस्त नाव आहे. मायच्या डाव्या पायाला आधी संध्याकाळची सूज येई आणि सकाळी उतरे. मग घोट्याच्या आतल्या अंगाला, जरा वर, कातडी काळपट झाली. मग खाज. मग एके दिवशी रोवणीत पऱ्ह्याच्या काडीने खरचटले, आणि ती जखम पाच वर्षे भरली नाही.

गावाने निदान केले: हत्तीपाय. तेही साहजिक होते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचाच पट्टा. तो रोग डासांतून येणाऱ्या बारीक कृमींचा. हे कृमी शिरांत नव्हे, शिरांच्या शेजारून जाणाऱ्या रसवाहिन्यांत घर करतात; त्यांची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे लोक गावात रात्रीच येतात. मायचे रक्त दोनदा रात्री घेतले, काही निघाले नाही. तरी लोकांच्या तोंडी शब्द तोच राहिला. तिचे पाणी भरायला जाणे बंद झाले, लग्नाकार्यात ती मागे बसू लागली. एका दवाखान्यात वर्षभर मलमे दिली, दुसरीकडे सुया. प्रत्येक ठिकाणी तिला टेबलावर आडवे करून जखम पाहिली गेली. आणि आडवे केले की शिरा बसतात! पाय उभा असताना कुणी पाहिलाच नाही. मीही नाही. मी तोवर वर्गात हार्वे शिकवत होतो, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी एका तरुण डॉक्टरने तिला स्टुलावर उभे केले आणि खाली बसून पाय पाहिला. मग आडवे करून पाय वर उचलला, शिरा रिकाम्या केल्या, मांडीला पट्टी बांधली, तिला परत उभे केले, आणि पट्टी सोडली. शीर वरून खाली भर्रकन भरली. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शस्त्रवैद्याने १८९०च्या सुमारास लिहिलेली ही तपासणी. पुन्हा पट्टीच! मला तिथे उभ्या उभ्या सुश्रुत, पादुआ आणि हार्वे असे सगळे एकदम आठवले. माय मात्र डॉक्टर पायाशी बसला म्हणून अवघडली होती.

उपाय साधा होता. पावलाची नाडी नीट लागते ना ते आधी पाहून, पंजापासून गुडघ्यापर्यंत दाबाची पट्टी. पट्टीने शिरा आतून जवळ येतात, दारे पुन्हा भिडू लागतात. धमन्या बिघडलेल्या असतील तर हीच पट्टी घात करते, म्हणून ती आपल्या मनाने बांधायची नाही. तसेच एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर ते खोल शिरेत रक्त गोठल्याचे लक्षण असू शकते. तिथे एक दिवसही दवडायचा नाही. मायच्या खाटेच्या पायथ्याशी दोन दोन विटा ठेवल्या. उभे राहू नका, चाला किंवा निजा, एवढे डॉक्टरांनी बजावले. चार महिन्यांत जखम मिटली. पुढे बिघडलेल्या शिरेचा बंदोबस्तही झाला. आता ते किरणांनी करतात, तिसऱ्या दिवशी माय अंगणात होती.

यंदा रोवणीला ती गेली ती नुसती धुऱ्यावरून देखरेख करायला. पायात पट्टी, हातात काठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. शेजारची सून पोटरी चोळत उभी दिसली तर तिला म्हणते, “उभी नोको राहू वं, चाल जराशी.” मी तिला परत एकदा सगळे समजावून सांगितले: रक्त खाली उतरते ते हृदयाच्या जोराने, आणि वर चढते ते आपण चालतो म्हणून. तिने सगळे ऐकून घेतले. मग शिवनीबांधच्या बाजूला हात करून म्हणाली, “असं असन तं मंग आपल्या तलावालेबी पाय लावून दे ना, बाबू.”